मोडणार हे धरूनच बांधायचे विमान

उत्तरायणाला गच्चीवर पेच लढवलेल्या आमच्या सभासदांना हा खेळ समजायला वेळ लागणार नाही. पतंगाऐवजी इंजिन लावलेले छोटे विमान, मांज्याऐवजी दोन बारीक पोलादी तारा. कापायची ती समोरच्याची दोरी नव्हे, तर त्याच्या विमानामागे बांधलेली क्रेप कागदाची लांब शेपटी. याला कंट्रोल लाइन कॉम्बॅट म्हणतात. आपल्यापैकी जे एनसीसीच्या हवाई विभागात होते त्यांना कंट्रोल लाइनची ओळख आहेच. कॉम्बॅट हा तिचा सर्वांत धसमुसळा प्रकार.

तारांवर विमान उडवण्याची ही पद्धत अमेरिकेतील जिम वॉकर यांनी 1940 च्या सुमारास लोकप्रिय केली आणि तिचे पेटंटही घेतले. चालक मधोमध उभा राहून मूठ धरतो. मुठीच्या वरच्या टोकाला एक तार, खालच्या टोकाला दुसरी. विमानात त्या बेलक्रँक नावाच्या फिरत्या तुकड्याला जोडलेल्या असतात आणि तो तुकडा एका काडीने मागची फळी, म्हणजे एलेव्हेटर, हलवतो. मूठ कलली की विमान वर किंवा खाली. डावे-उजवे नाहीच, ते काम तारा करतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या एफ-टू-डी वर्गात तारांची लांबी 15.92 मीटर असते. हा आकडा विचित्र वाटतो, पण गुणाकार करून पाहा: एक फेरी बरोबर 100 मीटरची होते.

इंजिन जास्तीत जास्त 2.5 सीसी. सामना 4 मिनिटांचा. दोघे चालक एकाच छोट्या वर्तुळात खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि दोन्ही विमाने एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट, फिरतात. हवेत काढलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण आणि शेपटीच्या प्रत्येक कापाला 100 गुण. कापायचे पंख्याने. त्यामुळे नुसते पळत राहून भागत नाही. तारा एकमेकींत गुंतल्या तरी पोलाद गुळगुळीत असल्याने काही वेढ्यांपर्यंत त्या सरकत राहतात, आणि चालक एकमेकांच्या हाताखालून वाकून वेढे सोडवतात. इथे ‘काप्यो छे’ ओरडायला कोणाला फुरसत नसते.

वेग ताशी 150 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक फेरी अडीच सेकंदांच्या आत. अशा वेगात टक्कर होणारच. म्हणून प्रत्येकाला सामन्यासाठी दोन विमाने वापरता येतात. एक पडले की मदतनीस दुसरे उडवून देतात. या विमानाची सगळी रचना या एका गोष्टीभोवती फिरते. दिवाणखान्यात मांडायचे विमान आणि हे विमान यांचे नातेच वेगळे.

लढाऊ विमान म्हणजे जवळजवळ नुसता पंख. पसारा साधारण मीटरभर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने वजन जितके कमी, तितके वळण लहान घेता येते आणि पेच जिंकतो तो लहान वळणानेच. उलटे उडणे नेहमीचेच, म्हणून पंखाचा छेद वरखाली सारखा ठेवतात. तोल मात्र जपून साधावा लागतो. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या 15 ते 20 टक्क्यांवर तोलबिंदू असला तर विमान शहाण्यासारखे वागते. तो मागे सरकला की वळण चपळ होते, पण मूठ जराशी हलली तरी विमान उड्या मारते. नवशिक्याने तोल पुढेच ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्ध्या किलोचे विमान या वेगाने फिरताना हाताला जवळजवळ पाच-सहा किलोंची ओढ देते. ती ओढ हेच नियंत्रण. तारा सैल पडल्या की चालकाच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून तारा तोलबिंदूच्या किंचित मागून बाहेर काढतात, त्यामुळे नाक जरासे बाहेर राहते. शिवाय तारांचे वजन तोलायला बाहेरच्या पंखाच्या टोकाशी थोडे शिसे घालतात.

इंधनाची युक्ती तर आम्हाला फारच आवडते. घट्ट वळणात साध्या टाकीतले इंधन एका बाजूला फेकले जाते आणि इंजिन अडखळते. यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियेसाठी वापरतात तशी रबरी नळी किंवा बाळाच्या चोखणीचे रबर फुगवून त्यात इंधन भरतात. रबर स्वतःच दाब देत राहते. इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल असते. गुजरातेत एरंडीची शेते पाहिलेल्यांना त्या धुराचा वास ओळखीचा वाटेल.

पूर्वी पंख बाल्साच्या लाकडाचे असत. आता पुढची कड थर्मोकोलसारख्या फोमची, मधल्या फासळ्या बाल्साच्या, मागची कड कार्बनची आणि वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म, असे बरेच जण करतात. फोम आपटला तर दबतो, लाकडासारखा फुटत नाही. फिल्म इस्त्रीने ताणताना दोन्ही बाजू थोड्या थोड्या, आलटून पालटून तापवाव्यात. एकच बाजू आधी ताणली तर पंख पिळतो, आणि पिळलेल्या पंखाला कोणताही चालक सरळ करू शकत नाही. पंख सपाट काचेवर ठेवून तपासावा. विमान मातीत पडले असेल तर पंखा हाताने फिरवू नये. वाळू इंजिनात ओढली जाते. आधी इंधनाने धुऊन घ्यावे.

घरच्या वडीलधाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पाहायचीच. विजेच्या तारांजवळ हा खेळ कधीही नको. पतंगाचा सुती दोरा निराळा आणि ही पोलादी तार निराळी. तिच्यातून वीज थेट हातात येते. उड्डाणाआधी तारा आणि मूठ जोरात ओढून तपासतात, मुठीचा पट्टा मनगटात अडकवतात आणि मदतनिसांना हेल्मेट सक्तीचे असते. तारा तुटून विमान सुटले तर इंधन आपोआप बंद करणारी कळही हल्ली बसवतात.

नव्याने शिकणाऱ्याने पहिले काही महिने एकट्याने, साध्या सरावाच्या विमानावर फेऱ्या माराव्यात, मग गिरक्या, मग उलटे उड्डाण. शेपटी त्यानंतर बांधावी, आणि तेव्हा एक नव्हे, तर सारख्याच मापाची तीन विमाने तयार ठेवावीत, म्हणजे एकाचे भाग दुसऱ्याला बसतात.