ब्रेकचे पेडल मऊ का पडते?

आमच्या धामणगाव रेल्वेच्या रस्त्यांवरही आता विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. अशीच एक मोटार माझ्या एका शिक्षक मित्राकडे आहे. एके दिवशी ते मला म्हणाले, "सर, ब्रेक दाबला की पाय कापसाच्या गाठोड्यावर ठेवल्यासारखा आत जातो. पण गाडी थांबते, म्हणून मी फारसे लक्ष दिले नाही." त्याच आठवड्यात ते समृद्धी महामार्गाने नागपूरला निघणार होते. मी त्यांना म्हटले, "आधी गॅरेज, मग नागपूर." असे का म्हटले असेल? चला, पाहू या.

मोटारीच्या पेडलपासून चाकापर्यंत जोर पोचवतो तो नळ्यांत भरलेला द्रव. गॅरेजमध्ये त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते खरे तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत तो ग्लायकॉल वर्गातला द्रव असतो. बंद भांड्यातील द्रवावर दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. पास्कलचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, प्रसिद्ध झाला. तुमच्या पायाने मुख्य सिलिंडरातील दट्ट्या सरकतो आणि तोच दाब चारही चाकांशी पोचतो.

आता थोडे गणित करू. पायाने १०० न्यूटन बल लावले आणि पेडलच्या तरफेने ते चौपट झाले, असे समजा. दट्ट्यावर ४०० न्यूटन बल आले. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौ. सें.मी. असेल, तर दाब झाला दर चौ. सें.मी.ला १०० न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहापट. एवढ्या दाबाने १०० घ. सें.मी. द्रवाचे आकारमान ०.१ घ. सें.मी.नेसुद्धा कमी होत नाही. म्हणून चांगले पेडल पायाला टणक लागते.

पण नळीत फक्त २ घ. सें.मी. हवा शिरली तर? बॉइलचा नियम लावा. आधी हवेवर वातावरणाचा एकपट दाब होता, आता एकूण अकरापट झाला. हवा आकसून उरली २ भागिले ११, म्हणजे ०.१८ घ. सें.मी. ही १.८ घ. सें.मी.ची पोकळी भरायला दट्ट्याला साडेचार मि.मी. आणि पेडलला त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे १.८ सें.मी. जादा सरकावे लागते. पायाला जाणवणारा मऊपणा तो हाच.

इथे कोणी विचारील, "सर, आपल्या स्टेशनातून जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तर हवेवरच चालतात!" अगदी बरोबर. पण तिथे इंजिनावरचा कॉम्प्रेसर सतत हवा पुरवतो आणि ब्रेकच्या नळीत दर चौ. सें.मी.ला ५ किलो दाब राखला जातो. तो दाब उतरला की ब्रेक लागतात. मोटारीत असा पुरवठा नाही. पेडल जेवढे सरकेल तेवढाच द्रव पुढे जातो. म्हणून रेल्वेची सेवक असलेली हवा इथे चोर ठरते.

विजेच्या मोटारीत आणखी एक गंमत आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की तिची मोटर जनित्र बनते, गतिज ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो आणि गाडी मंदावते. गावात फिरताना ब्रेक जोराने दाबण्याची वेळच क्वचित येते, त्यामुळे ब्रेकचा आजार महिनोन् महिने लपून राहतो. महामार्गावर मात्र ताशी १२० कि.मी. वेगाने जाणाऱ्या १५०० किलोच्या गाडीत सुमारे ८.३ लाख ज्यूल ऊर्जा असते. हा वेग ताशी ६० कि.मी.च्या दुप्पट, पण ऊर्जा चौपट! अचानक गाय आडवी आली तर एकट्या मोटरवर विसंबता येत नाही. शिवाय बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मोटरची ही मदत कमी होते.

मग दोष ओळखायचा कसा? सपाट जागी उभ्या गाडीत मोठ्या माणसाने पेडल दाबून पाहावे.

पेडल मऊ आहे, पण लागोपाठ तीन-चारदा दाबल्यावर टणक होते: नळीत हवा असावी, किंवा मागचे ड्रम ब्रेक ढिले असावेत.

पाय स्थिर ठेवला तरी पेडल हळूहळू खाली बसत जाते: द्रव गळत असावा, किंवा मुख्य सिलिंडरातील रबर झिजले असावे. अशी गाडी चालवूच नये.

पेडल दगडासारखे कडक आहे: हा वेगळा दोष. पेट्रोल इंजिनाच्या शोषणातून ब्रेकला निर्वाताची मदत मिळते. विजेच्या गाडीत ते काम विजेचा पंप किंवा मोटर करते. ती बंद पडली असावी.

आमच्या मित्राच्या गाडीत पहिली खूण दिसली. मागच्या चाकाजवळची नळी दुरुस्तीसाठी उघडली होती, पण नंतर हवा पुरती काढली नव्हती. द्रवही चार वर्षांचा जुना होता. 'विजेच्या गाडीला ऑइल बदलावे लागत नाही' असा त्यांचा समज! इंजिन ऑइल लागत नाही हे खरे. पण ब्रेकचा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट ४ प्रकारचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकजवळ द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पुन्हा मऊ!

दुरुस्ती दोघांनी केली. एकाने पेडल दाबून धरले. दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल केला. त्याला जोडलेल्या पारदर्शक नळीचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवले होते. बुडबुडे बाहेर आले. स्क्रू घट्ट केल्यावरच पेडल सोडले, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. टाकीतला द्रव संपू न देता चारही चाकांशी हे केले आणि नवा द्रव भरला. एबीएसच्या झडपांत अडकलेली हवा काढायला संगणक जोडावा लागतो, म्हणून हे काम जाणकाराचेच. नारिंगी रंगाच्या तारांना तर हात लावूच नका. त्यांत उच्च दाबाची वीज असते.

तुम्ही घरी एवढे करा. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज बारीक नळीने जोडा आणि त्यांत पाणी भरा. एक दाबा, दुसरी लगेच सरकेल. आता दुसरीचा दट्ट्या मित्राला घट्ट धरायला सांगा आणि पुन्हा दाबा. मग थोडी हवा आत घेऊन तेच करा. अंगठ्याला जो फरक कळेल, तोच आमच्या मित्राच्या पायाला कळला होता. त्यांनी तो मनावर घेतला नव्हता, इतकेच. तुमच्या घरी कोणी "ब्रेक जरा मऊ लागतो" असे म्हटले, तर आता त्यांना कारण सांगा आणि गाडी आधी गॅरेजकडे वळवायला लावा.