गीझर रुसला, तर आधी एवढं बघा!

थंडी सुरू झाली, की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशेबाआधी एक तक्रार हमखास येते, 'ताई, गीझरचं पाणीच तापत नाही हो!' मग मुलांची शाळा, सासऱ्यांची आंघोळ, सगळ्यासाठी गॅसवर पातेली चढतात. मिस्त्री 'उद्या येतो' म्हणतो आणि घरात विचारावं, तर 'रविवारी बघू' हे ठरलेलं! मैत्रिणींनो, रविवारपर्यंत कशाला थांबायचं? झाकण न उघडता चार गोष्टी आपणही पाहू शकतो.

पहिला बघायचा तो दिवा. तो लागतच नसेल, तर बोर्डावरची एमसीबी पडली आहे का पाहा. कोरड्या हातानं एकदाच वर करा. पुन्हा पडली, तर हट्ट नको. आत काहीतरी बिघडलंय, हेच ती सांगत असते.

दुसरं, पाणी गार आहे, वीज आहे, पण तापत असल्याचा दिवा लागत नाही. अशा वेळी बहुधा थर्मोस्टॅट किंवा कटआउट गेलेला असतो. हे भाग सुटे बदलता येतात. 'नवाच घ्या' असं कुणी म्हणालं, तर आधी नेमकं काय गेलंय ते विचारा.

तिसरं, तापतं पण फार उशिरा. दोन हजार वॅटच्या 15 लिटरच्या गीझरला 20 अंशांचं पाणी 50 अंशांवर न्यायला साधारण 16 मिनिटं लागतात. पण व्होल्टेज 230 ऐवजी 180 असेल, तर कॉइलची ताकद जेमतेम 60 टक्के उरते आणि तेच काम 26 मिनिटांवर जातं. दोष गीझरचा नसतोच! मात्र बोअरचं पाणी असेल आणि आतून खडखड आवाज येत असेल, तर कॉइलवर क्षार चढलेत. वेळीच साफ करून घ्या, नाहीतर कॉइल जळते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आमच्या गटातली एक जण सहज म्हणाली, 'नळाला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून आम्ही चप्पल घालून आंघोळ करतो.' ऐकून माझ्या पोटात गोळाच आला! अगं, त्या मुंग्या म्हणजे पाण्यात उतरलेली वीज. चप्पल हा त्यावरचा उपाय नव्हे. मेन स्विच बंद करायचा, नळ वापरायचा नाही आणि इलेक्ट्रिशियनकडून कॉइल आणि अर्थिंग दोन्ही तपासून घ्यायचं. तिनं त्याच संध्याकाळी तपासून घेतलं, तेव्हा प्लगची तिसरी पिन नुसतीच नावाला निघाली. मागे अर्थिंगची तारच नव्हती.

गॅस गीझरवाल्यांनी तर आणखी जपायला हवं. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, आंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं, तर दार उघडून लगेच बाहेर या. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. असा गीझर बंद न्हाणीघरात नकोच, तो मोकळ्या हवेत बाहेर बसवावा.

घरातलं पाणी तापवायची जबाबदारी बहुतेक वेळा आपलीच असते. मग ते यंत्र ओळखणंही आपलंच काम समजूया. आज गीझर लावण्याआधी त्या तिसऱ्या पिनेची चौकशी मात्र नक्की करा!