गोधडीची घडण

महाराष्ट्रात गोधडी किंवा वाकळ या नावाने ओळखले जाणारे हाताने शिवलेले पांघरूण आधी नजरेत भरते ते रंगीबेरंगी ठिगळांमुळे. मात्र त्याची ऊब आणि टिकाऊपणा ठरतो तो आत अंथरलेल्या थरांवर आणि त्या थरांना एकजीव करणाऱ्या टाक्यांवर. गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांचे खरे कसबही तिथेच दिसते.

गोधडीसाठी जुने सुती कापड निवडले जाते, त्यामागे काटकसर असते आणि अनुभवातून आलेली समजही असते. नव्या सुती कापडात खळ, म्हणजे विणताना सुताला ताठपणा यावा म्हणून दिलेली पेज, शिल्लक असते आणि ते पहिल्या धुण्यात आटते. उलट वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्यातली खळ निघून गेलेली असते, त्याचे आटणे संपलेले असते आणि सुई त्यातून सहज सरकते. नवे आणि जुने कापड एकत्र शिवले तर धुतल्यावर नवे आखडते आणि जुन्याला चुण्या पडतात, म्हणून जाणत्या स्त्रिया नवे कापड आधी भिजवून वाळवून घेतात. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याच्या चार पदरी घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांबीचे आणि लुगड्याच्या पन्ह्याइतक्या, म्हणजे त्याच्या मूळ रुंदीइतक्या, रुंदीचे चार थर मिळतात. एका माणसाच्या गोधडीचा गाभा अशा रीतीने एकाच लुगड्यातून तयार होतो.

थर अंथरणे हे या कामातील सर्वांत नाजूक पाऊल होय. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर खालचे अस्तर ताणून पसरतात, त्यावर विरलेली कापडे उभ्या सुताला उभे सूत जुळवून ठेवतात, फाटक्या जागी तुकडे घालून जाडी सारखी करतात आणि प्रत्येक थर तळहाताने मधून कडांकडे निपटत नेतात. मग वरचे कापड घालून सगळे थर लांब लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घेतात. हे टाके नंतर उसवायचे असतात, तोवर ते थरांना हलू देत नाहीत.

पक्की शिवण धावदोऱ्याची, म्हणजे सुई वरखाली करत पुढे जाणाऱ्या साध्या टाक्याची असते. डाव्या हाताची बोटे थरांना किंचित उचलून सुईच्या टोकावर चढवतात, उजवा हात सुई तिरपी ठेवून तीनचार टाके एकदम भरतो आणि मगच दोरा ओढतो. दोरा फार ओढला तर कापड गोळा होते, सैल सोडला तर थर घसरतात. हा ताण डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो. शिवण बहुधा कडेपासून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे सरकते. दोन मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद गोधडीत दोन ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकूण शिवण सुमारे १२० मीटर भरते आणि सेंटिमीटरला एक टाका धरला तरी बारा हजार टाके होतात. शेजारणींनी चारी बाजूंना बसून गोधडी शिवण्याच्या रीतीमागे हा हिशेबही आहे: काम वाटले जाते, बसलेल्यांच्या वजनाने कापड जागेवर राहते आणि नवख्या मुलीला जाणत्या हाताशेजारी बसून टाका उचलता येतो.

कडेकडून मध्याकडे जाणारी ही पद्धत महाराष्ट्राबाहेरही आढळते. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांशी ज्यांचे मूळ जोडले जाते, त्या उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशाच क्रमाने शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुले लावतात.

शहरांतील हौशी शिवणमंडळांत आता मापाचे चौकोन कापून यंत्रावर जोडण्याची पद्धत रूढ होत आहे. तिथे माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेली जागा, फार काटेकोर ठेवावी लागते. प्रत्येक शिवणीत एक मिलिमीटर माया जास्त गेली तर दोन्ही बाजूंचे तुकडे तेवढे घटतात आणि दहा शिवणींच्या ओळीत दोन सेंटिमीटरांचा फरक पडून शेजारच्या ओळींचे कोपरे जुळत नाहीत. ही शिस्त मोलाची आहे. परंतु वरची नक्षी कितीही नेटकी जुळली तरी आतले थर सैल राहिले तर दोनचार धुण्यांत पांघरुणात गोळे होतात. जुन्या गोधडीचे वरचे कापड विरले की तीच नव्या गोधडीचा गाभा बनते, आणि हे शक्य होते ते आतली शिवण भक्कम असल्यामुळेच. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी चौकोन जुळवण्याला जितका वेळ द्यावा, तितकाच थर अंथरण्याला आणि हाताच्या धावदोऱ्याला द्यायला हवा. आणि ज्यांच्या बोटांना हा ताण अजून ठाऊक आहे, त्या आज्या-मावश्यांना शिक्षिकेच्या मानाने मंडळात बोलवायला हवे.