शाळेचे रजिस्टर संगणकावर : एकमजली की तीनमजली?

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर संगणकावर घ्यायचे म्हटले, की पहिला प्रश्न येतो, प्रोग्राम कसा बांधून घ्यावा? याचे दोन मार्ग आहेत. पालक व विश्वस्त मंडळींनी ते समजून घेतले, तर पैसे मोजताना काय मागायचे ते आपल्याला कळेल.

पहिला मार्ग थेट जोडणीचा. पडद्यावरचा प्रत्येक रकाना माहितीच्या तक्त्यातील रकान्याला बांधलेला असतो. १९९२ साली आलेले मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हे याचे परिचित उदाहरण. काम लवकर व स्वस्तात होते. पण जन्मतारखेत चुकून एक आकडा बदलला आणि कारकून पुढच्या नोंदीवर गेले, की तो बदल आपोआप साठवला जातो. हीच तारीख पुढे टी.सी.वर उतरते. याला आळा घालणारे नियम लिहिता येतात. मात्र ते बहुधा त्या पडद्यातच अडकून राहतात. दुसरा पडदा केला की पुन्हा लिहा!

दुसरा मार्ग मजल्यांचा. वर पडदा, मध्ये नियम, खाली माहितीसाठा. पडद्याला साठ्यात थेट हात घालता येत नाही. रेल्वेचे आरक्षण पाहा. नंदिग्राम एक्स्प्रेसची एकच जागा आदिलाबादच्या खिडकीवर, मुंबईत आणि कुणाच्या मोबाईलवर एकाच क्षणी मागितली जाऊ शकते. खिडकी फक्त मागणी पुढे पाठवते; जागा कोणाला, हे आत एकाच ठिकाणी ठरते. म्हणूनच २००२ साली इंटरनेटवर तिकिटे मिळू लागली, तेव्हा दार नवे उघडले, पण जागांचा साठा तोच राहिला.

मग सगळ्यांनी तीन मजलेच बांधावेत का? नाही. त्याला वेळ, पैसा व जाणकार माणूस जास्त लागतो. एक संगणक आणि एकच कारकून असेल, तर थेट जोडणी पुरते. मात्र 'जन्मतारीख रिकामी नको', 'दाखल क्रमांक दोनदा नको' असे साधे नियम तक्त्यातच घालून घ्यावेत आणि रोज एक प्रत वेगळी ठेवावी. फी, परीक्षा व दाखले वेगवेगळ्या टेबलांवरून होणार असतील किंवा पालकांना घरून माहिती पाहायची असेल, तर मजले हवेतच.

विद्यार्थी मित्रहो, घर बांधण्याआधी आपण राहणारी माणसे मोजतो. इथेही तसेच करावे.