माफक किमतीची शिकारी रायफल

अमेरिकेंत नोव्हेंबर उजाडला म्हणजे विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतील गांवोगांव एक निराळीच लगबग सुरू होते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हा हंगाम. कारकून, सुतार, शाळामास्तर, दुकानदार असे सारे परवाना खिशांत घालून व भडक नारिंगी अंगरखा चढवून रानांत शिरतात आणि मिळालेलें मांस शीतपेटींत घालून पुढें कित्येक महिने पुरवितात. भारतांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याला १९९१ सालीं झालेली दुरुस्ती यांमुळें शिकार हा गुन्हा आहे, व तें योग्यच आहे. तिकडील परिस्थिति वेगळी. लांडगे बहुतेक प्रदेशांतून नाहींसे झाले आणि हरणांची संख्या आवरण्याचें काम पुष्कळ अंशीं शिकाऱ्यावर येऊन पडलें. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वयें रायफली व काडतुसें यांवर ११ टक्के कर बसतो, व त्या पैशांतून वन्य प्राण्यांच्या रक्षणाचीं कामें चालतात.

बेताच्या मिळकतीचा मनुष्य पहिलीच रायफल घेऊं लागला कीं त्याला पैशांचा विचार आधीं सुचतो. परंतु निवड चुकली तर त्याचें फळ भोगावें लागतें तें हरणाला. गोळी हृदय-फुप्फुसांच्या जागीं न लागतां पोटांत लागली तर तें बिचारें झुडपांत शिरून तासन् तास तडफडतें आणि शिकाऱ्याच्या हातींहि लागत नाहीं. तेव्हां रायफल स्वस्त असावी, पण ती नेमाला खरी असलीच पाहिजे.

अशा कामाला बहुतेक जण बोल्टची रायफल पसंत करतात. तिची रचना दाराच्या अडसरासारखी असते. मूठ वर उचलून मागें ओढली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें. पुढें सारून खालीं दाबली कीं नवें काडतूस आंत बसतें व बोल्टचे पोलादी कान खांचेंत घट्ट अडकतात. जर्मनींतील माउझर यानें १८९८ सालीं ही रचना ज्या स्वरूपांत आणली, त्यांत आजवर मूलभूत फरक फारसा झालेला नाहीं. हलते भाग थोडे, म्हणून बिघाड थोडा आणि खर्चहि थोडा.

स्वस्त रायफल नेमाला कच्ची असावयाचीच, असा एके काळीं समज होता व त्यांत तथ्यहि होतें. बोल्टचें तोंड आणि काडतूस टेकण्याची जागा यांतील अंतर केसाइतकेंहि चुकून चालत नाहीं. पूर्वी तें साधण्यासाठीं कुशल कारागीर प्रत्येक नळी हातानें घासून बसवीत असे. सॅव्हेज कंपनीनें १९५८ च्या ‘११०’ या रायफलींत नळीवर एक मोठा नट बसविला. मापकाला टेकेपर्यंत नळी फिरवावयाची आणि नट आवळून टाकावयाचा, म्हणजे झालें! कारागिराचे तास वांचले. तीच युक्ति आज सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन अशा हलक्या किमतीच्या रायफलींत दिसते. जोडीला सांच्यांत ओतलेला प्लॅस्टिकचा दस्ता आला, आणि ५०० डॉलरांच्या आसपासची रायफलहि आपल्या आजोबांच्या महागड्या रायफलीशीं नेमांत बरोबरी करूं लागली.

काटकसर कोठें केली आहे तें मात्र गिऱ्हाइकानें पाहावें. प्लॅस्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला लवचिक असतो. फांदीवर टेकवून जोर दिला कीं तो नळीला लागतो आणि गोळी भलतीकडे जाते. दुकानांतच कागदाची पट्टी नळी व दस्ता यांमध्यें सारून पाहावी. दस्ता दाबला असतांहि ती मोकळी सरकली पाहिजे. शंभर वारांवर तीन गोळ्या एक इंचाच्या आंत पडाव्या असा पुष्कळांचा हट्ट असतो. रानांतल्या हरणाला तो लागू नाहीं. त्याचें मर्मस्थान सुमारें आठ इंच रुंद असतें. दोन इंचांचें वर्तुळ साधणारी रायफल पुरेशी आहे.

काडतुसाच्या बाबतींत हांव नडते. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा दणका खांद्याला असा बसतो कीं नवशिका चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटूं लागतो. १९५२ सालचें .३०८ विंचेस्टर हरणाला पुरून उरतें व कोणत्याहि खेड्याच्या दुकानांत मिळतें. अंगानें हलक्या माणसाला १९५५ चें .२४३ किंवा २००७ चें ६.५ क्रीडमूर अधिक सुखाचें. मात्र राज्याचा नियम आधीं पाहावा. ओहायोंत हरणासाठीं सरळ भिंतीच्या काडतुसाचीच रायफल चालते, तेथें.३०८ घेऊन गेलेला मनुष्य गुन्हेगार ठरेल.

आतां दुर्बीण. आजच्या पुष्कळ स्वस्त रायफलींवर लोखंडी माशी नसतेच, त्यामुळें दुर्बिणीवांचून गत्यंतर नाहीं. रायफलीबरोबर बसवून मिळणारी दुर्बीण हीच त्या जोडींतील कमकुवत बाजू असते. जमल्यास रायफलींत पन्नास डॉलर वांचवून ते भिंगावर खर्चावे. तीनपासून नऊ पट मोठें दाखविणारी, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सर्वसाधारण कामाला उत्तम. नऊ पट हा आंकडा गिऱ्हाइकाला भुलवितो, पण साधें गणित करून पाहावें. चाळिसाला नवानें भागलें कीं डोळ्याशीं येणारी प्रकाशाची चकती साडेचार मिलिमीटरांहूनहि किंचित् लहान पडते. सहानें भागलें तर ती पावणेसात मिलिमीटरांजवळ जाते. हरिण दिसतें पहांटेच्या व संध्याकाळच्या संधिप्रकाशांत, जेव्हां डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते. म्हणून अंधुक वेळीं वर्धनशक्ति उतरवावी, चित्र उजळतें.

या दुर्बिणीनें झाडींतील हालचाल न्याहाळण्याचा मोह मात्र घातक आहे. दुर्बीण रोखणें म्हणजे भरलेली नळीच रोखणें, आणि झुडपाआड एखादा शेजारी उभा असूं शकतो. त्या कामासाठीं गळ्यांत वेगळी, साधी दुर्बीण असावी.

नेम बसवितांना बोल्ट काढून नळींतून शंभर वारांवरील खूण पाहावी आणि दुर्बिणींतील तारा त्याच खुणेवर आणाव्या. त्यामुळें पहिली गोळी निदान कागदावर पडते. बहुधा चक्राचा एक टकटक आवाज म्हणजे शंभर वारांवर पाव इंच. .३०८ च्या गोळीचा नेम शंभर वारांवर दोन इंच उंच ठेवला तर दोनशे वारांवर ती मधोमध पडते आणि तीनशेंवर आठनऊ इंच खालीं जाते. जंगलांतील बहुतेक गोळ्या शंभर वारांच्या आंतच झाडल्या जातात.

एक खर्च मात्र अंदाजपत्रकांतून सुटतो, तो सरावाच्या काडतुसांचा. वीस काडतुसांची एक पेटी नेम बसवितांनाच सहज संपते आणि गुडघ्यावर बसून, उभ्यानें, धाप लागलेली असतांना मारण्याचा सराव तसाच राहतो. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसांत पसरतात म्हणून कित्येक जण हल्लीं तांब्याची गोळी घेतात. कॅलिफोर्नियांत १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठीं शिशाला पूर्ण बंदी आहे. तांब्याची पेटी महाग पडते. परंतु हंगामांत ती वापरावयाची असेल तर नेमहि तिच्यानेंच बसवावा लागतो, कारण तीच रायफल तेवढ्याच वजनाची दुसरी गोळी दोनतीन इंच बाजूला टाकूं शकते.