विजेच्या गिटारी आणि पेन्सिलीची खूण



कामगार संघटनेचे काम करणारा माणूस गिटारीवर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मला गिटार वाजवता येत नाही, आणि माझी शाळाही अर्ध्यावर सुटलेली. परंतु ‘ही वस्तू कोणाच्या हातची?’ हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आलो आहे. जुन्या विजेच्या गिटारी जमवणारे शौकीन नेमका हाच प्रश्न विचारतात, असे वाचनात आले, आणि या विषयाची गोडी लागली.

प्रथम हे वाद्य कसे चालते ते पाहू. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते आणि तारेचा आवाज त्यात घुमतो. विजेच्या गिटारीला पोटाची गरज नाही. भरीव लाकडाची फळी पुरते. तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. १८३१ साली फॅरेडेने दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. ही वीज ॲम्प्लिफायरने वाढवायची आणि कर्ण्यातून ऐकवायची. डोंबिवलीत मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ-दुरुस्ती करणारा गृहस्थ होता. १९५० साली त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्धीस आली. १९५१ साली त्याने प्रिसिजन बास काढला. तोवर खर्जाच्या सुरासाठी माणसाएवढे उंच वाद्य उभे धरून वाजवावे लागे. आता तेच काम गळ्यात अडकवता येणाऱ्या फळीवर होऊ लागले, आणि दांडीवर पडदे असल्यामुळे सूर अचूक लागू लागला. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. इकडे मिशिगन राज्यातील कालामाझूच्या गिब्सन कारखान्याने १९५२ साली लेस पॉल नावाची गिटार काढली होती. चक बेरीच्या हाती गिब्सन होती, बडी हॉलीच्या हाती स्ट्रॅटोकास्टर. आणि रॉक संगीत जगभर पसरले.

१९५४ साली स्ट्रॅटोकास्टरची किंमत अडीचशे डॉलरच्या आत होती. त्या वर्षीची अस्सल गिटार आज शंभर पटींहून अधिक किमतीला जाते. मग ती अस्सल आहे हे ओळखायचे कसे? येथेच खरी मौज आहे. संग्राहक स्क्रू काढून दांडी सुटी करतो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालच्या भागांवर त्यांच्या कारखान्याचा, वर्षाचा आणि आठवड्याचा आकडा असतो, तो वाचतो. सोल्डरचे जोड पूर्वी कोणी उघडले आहेत काय, हे पाहतो. जुना रंग पिवळसर पडला असेल, त्याला तडे गेले असतील, तर त्याला आनंद होतो. कोणी हौसेने नवा रंग दिला असेल, तर किंमत निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ठोकताळा आहे.

पण सर्वांत मोलाची खूण असते ती दांडीच्या टोकाशी, सांध्याच्या आत दडलेली. तेथे पेन्सिलीने तारीख आणि अक्षरे लिहिलेली सापडतात. १९५०च्या दशकातील अनेक फेंडर गिटारींवर ‘टी. जी.’ अशी अक्षरे आहेत. ती ताडेओ गोमेझ या कामगाराची. दांडीला घाट देण्याचे काम त्याच्याकडे होते. ॲबिगेल इबारा ही बाई १९५६ साली त्याच कारखान्यात लागली आणि तिने अनेक दशके पिकअपचे वेढे गुंडाळले. तिच्या हातचे पिकअप लोक शोधून शोधून घेतात. ही अक्षरे संग्राहकांसाठी लिहिलेली नव्हती. ती कारखान्यातली कामाची नोंद होती. तीच आज अस्सलपणाचा दाखला ठरली! या वाढलेल्या किमतीतला पैसा मात्र त्या हातांपर्यंत पोचला नाही, हेही सांगितले पाहिजे.

१९६५च्या जानेवारीत फेंडर कारखाना सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. त्यापूर्वीची गिटार उत्तम आणि नंतरची दुय्यम, असा संग्राहकांचा दंडक आहे. पुढे उत्पादनाचा रेटा वाढला आणि त्याचा परिणाम कामावर दिसू लागला, हे खरे. परंतु मालक एका दिवसात बदलतो. हात एका दिवसात बदलत नाहीत. कालामाझूचा गिब्सन कारखाना १९८४ साली बंद झाला. तेव्हा तेथल्याच काही जुन्या माणसांनी १९८५ साली त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी बनवायला आरंभ केला. संप आणि टाळेबंदी पाहिलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत फार जवळची वाटते.

आपल्याकडेही अशी एक विजेची तंतुवाद्याची परंपरा आहे. ती म्हणजे गणपतीच्या आणि हळदीच्या मिरवणुकीतला बेंजो. गोल तोंडाच्या अमेरिकन बेंजोशी याचे नाते केवळ नावापुरते. १९१२ साली जपानातील नागोया येथे टंकयंत्रासारख्या कळा असलेले तैशोगोतो नावाचे वाद्य निघाले. आपले बुलबुलतरंग त्याच्याच वंशातले. पुढे त्याला पिकअप बसला आणि ते गिरणगावात आणि कोळीवाड्यांत कर्ण्यातून गर्जू लागले. तत्त्व तेच: पोलादी तार, चुंबक आणि तांब्याचे वेढे.

माझे वडील गिरणी कामगार. त्यांच्या मंडळाचा बेंजो १९८२च्या संपानंतर आमच्याकडे राहिला आणि आमच्याबरोबर कोपरला आला. विशीत असताना मी एका गणपतीत तो ‘नवा’ करायला काढला. झाकण उघडले. आतल्या फळीवर पेन्सिलीने एक नाव आणि तारीख होती. मी सगळे काचकागदाने घासले आणि वर लाल रंग चढवला. मंडळाने पाठ थोपटली. वडील काही बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी गोमेझची अक्षरे वाचली, तेव्हा आपण काय पुसले ते कळले. ते नाव मला आज आठवत नाही, आणि सांगू शकणारे वडीलही आता नाहीत. कामगारांची नावे इतिहासात यावीत म्हणून भाषणे करणाऱ्या माणसाने एका कामगाराचे नाव स्वतःच्या हाताने पुसले होते.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आपणा सर्वांना इतके शक्य नाही. पण कोणाच्या माळ्यावर जुना बेंजो असेल, तर त्याला रंग देऊ नका. काढलेला जुना भाग फेकू नका. पुडीत बांधून वाद्याबरोबर ठेवा. झाकणाच्या आत काही लिहिले असेल, तर त्याचे छायाचित्र काढा. कोणी बनवला, कोणी वाजवला, कोणत्या मिरवणुकीत वाजला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहा. ते आहेत तोवर विचारा. एवढीच माझी विनंती.