टीकेच्या भडिमारातही अविचल राहिलेली बर्नाडेट

लूर्ड्स माता म्हटले की गुंफा, झरा आणि मेणबत्त्यांच्या ज्योती आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. दरवर्षी ११ फेब्रुवारीला आपण तिचा सण साजरा करतो. १९९३ पासून हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणूनही पाळला जातो. मात्र त्या गुंफेपुढे गुडघे टेकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला १८५८ साली गावाकडून आणि अधिकाऱ्यांकडून काय सोसावे लागले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

बर्नाडेट सुबिरूस हिचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी दक्षिण फ्रान्समधील लूर्ड्स येथे एका पिठाच्या गिरणीत झाला. पुढे गिरणी हातची गेली आणि सारे कुटुंब एका जुन्या तुरुंगाच्या ओलसर खोलीत राहू लागले. १८५७ मध्ये पीठचोरीच्या संशयावरून तिच्या वडिलांना काही दिवस कोठडीत काढावे लागले. बर्नाडेटला दम्याचा विकार होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि तिचा प्रथम ख्रिस्तप्रसादही अद्याप झाला नव्हता. अशा घरातील मुलीवर कोण विश्वास ठेवणार?

११ फेब्रुवारी १८५८ रोजी लाकूडफाटा गोळा करताना मासाबिएलच्या गुंफेत तिला प्रथम दर्शन घडले. बातमी पसरताच २१ फेब्रुवारीला पोलीस अधिकारी जाकोमे यांनी तिची उलटतपासणी घेतली. तिची जबानी वाचून दाखवताना त्यांनी मुद्दामच तपशील बदलले. प्रत्येक ठिकाणी तिने शांतपणे चूक दाखवून दिली. दर्शनात पवित्र मरियाच दिसली, असे तिने कोठेही म्हटले नाही. आपल्या बोलीत ती केवळ ‘आकेरो’, म्हणजे ‘ते’, एवढेच म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी ती गुंफेकडे गेली, पण काहीच दिसले नाही. लोकांनी तिची टर उडवली. काहीतरी रचून सांगणे तेव्हा सोपे होते, परंतु आज काहीच दिसले नाही, असे तिने सरळ सांगितले. २५ फेब्रुवारीचा प्रसंग याहून कठीण होता. दर्शनातील आज्ञेप्रमाणे तिने जमीन उकरली, चिखलमिश्रित पाणी प्यायली आणि तेथील कडू पाने खाल्ली. तिचे माखलेले तोंड पाहून जमावाने तिला वेडी ठरवले. त्याच जागी आजचा झरा वाहतो आहे.

धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू फादर पेरामाल यांनीही प्रथम तिला कठोर शब्दांत सुनावले आणि त्या स्त्रीचे नाव विचारून ये, असे बजावले. २५ मार्च रोजी तिला उत्तर मिळाले. वाटेत विसर पडू नये म्हणून ते शब्द पुटपुटत ती त्यांच्याकडे आली आणि आपण ‘निष्कलंक गर्भसंभव’ आहोत असे त्या स्त्रीने सांगितल्याचे तिने कळवले. तिला स्वतःला त्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. पुढे तिला इस्पितळात डांबण्याचा विचार अधिकाऱ्यांनी केला, तेव्हा हेच फादर पेरामाल तिच्या पाठीशी उभे राहिले.

हे बळ तिच्या ठायी कोठून आले? आम्हांला त्याची तीन कारणे दिसतात. पहिले म्हणजे, आपले काम निरोप सांगण्याचे आहे, लोकांना पटवून देण्याचे नाही, हे ती जाणून होती. त्यामुळे वादात जिंकण्याचा भार तिने खांद्यावर घेतलाच नाही. दुसरे म्हणजे, दारिद्र्य असूनही तिने कोणाकडून पैसे स्वीकारले नाहीत. तिला स्वतःसाठी काहीच मिळवायचे नव्हते, म्हणून गमावण्याची भीतीही नव्हती. तिसरे म्हणजे, जपमाळ तिच्या हातून सुटली नाही. तोच तिचा विसावा होता.

१८ जानेवारी १८६२ रोजी बिशप लॉरांस यांनी दर्शने खरी असल्याचे जाहीर केले. बर्नाडेट मात्र कौतुकापासूनही दूर राहिली. १८६६ मध्ये ती नेव्हेर येथील मठात धर्मभगिनी म्हणून दाखल झाली आणि १६ एप्रिल १८७९ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी प्रभुचरणी विलीन झाली. ८ डिसेंबर १९३३ रोजी तिला संतपद देण्यात आले.

आज आपल्या मुलामुलींची थट्टा गल्लीपुरती राहत नाही, मोबाईलवरून ती क्षणात गावभर होते. त्यांना बर्नाडेटचे धैर्य शिकवताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. एकट्या पडलेल्या मुलाने सारे मुकाट्याने सोसावे, असा या कथेचा अर्थ नव्हे. लूर्ड्समध्ये हसणारे लोकही मिस्सेला जाणारेच होते. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या कुमारवयीन मुलाविषयी चर्चा सुरू झाली की आपण त्या जमावात सामील होतो, की त्याचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घेतो? फादर पेरामाल यांनी प्रश्न कठोरपणे विचारले, पण वेळ येताच त्या मुलीला संरक्षणही दिले. पालक, शिक्षक आणि धर्मबांधव या नात्याने तेवढे करणे आपल्या प्रत्येकाला शक्य आहे. त्यासाठी संत बर्नाडेटच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या.